दार रस्त्याकडे

कडीला शेळीचं दावं... लोखंडी कडीला, जी त्याने स्वतः जुन्नरच्या पेठेत उभं राहून, वर-खाली करून, वाजवून बघून घेतली होती — अशा बारा कड्या, बारा घरांच्या — तिला काथ्याचं, शेणाने बरबटलेलं, गाठीवर गाठ मारलेलं दावं. आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला, उंबऱ्याच्या आत, अगदी मधोमध, एक काळी शेळी रवंथ करत उभी. तिने नवनाथकडे बघितलं, आगंतुक पाहुण्याकडे बघावं तसं, आणि पुन्हा जबडा हलवायला लागली.

वा ठमाबाई, वा! सरकारने घर दिलं, इंजिनिअरने कडी दिली, आणि राहायला कोण, तर शेळी. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात ते उगाच नाही.

त्याने रांगेतल्या या शेवटच्या घरापुढे मोटारसायकल स्टँडवर लावली, मानेवरची धूळ रुमालाने पुसली आणि रांगेकडे एकदा नजर टाकली. बारा घरं. लाल पत्रे, पिवळ्या भिंती, हिरवी दारं, सगळी दारं रस्त्याकडे तोंड करून उभी... आणि प्रत्येक घराच्या मागे, डोंगराच्या अंगाला, कारवीच्या कुडाचं एकेक खोपटं. नवं घर आणि मागे त्याचं जुनं लफडं. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते, गवत पिवळं पडलं होतं, घाटघरच्या बाजूचं आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, आणि त्या उन्हात त्याची रांग इतकी देखणी दिसत होती की त्याला आणखीनच राग आला.

फॉर्म त्याने सकाळीच भरले होते. जागेवर येऊन भरायचे असतात हे त्यालाही माहीत होतं आणि पाठवणाऱ्यांनाही. पण जागेवर टेबल नसतं, वारा असतो, कागद उडतात, आणि माणसं काय उत्तर देणार हे ज्याला दहा वर्षांच्या नोकरीत कळलं नाही त्याने नोकरी सोडून हिरडे गोळा करावेत. अकरा फॉर्मांत, ‘लाभार्थी घरात राहतो काय?’ याच्या पुढे, होय. बाराव्यात, नाही. आणि कारणाच्या रकान्यात दोन शब्द : लाभार्थ्याची मानसिकता. हे दोन शब्द त्याचे नव्हते. तालुक्याच्या कचेरीत ते पूर्वीपासून होते, पाण्याच्या माठासारखे. ज्याला तहान लागेल त्याने बुडवून घ्यावेत.

बारावा फॉर्म ठमाबाईचा. तिचाच का? तर बाराच्या बारा ‘होय’ आले की वरच्यांना संशय येतो. एखादा ‘नाही’ असला की अहवाल खरा वाटतो, आणि इंजिनिअर कर्तव्यकठोर. पुढच्या आठवड्यात पुण्याहून तपासणीचं पथक येणार, कॅमेरा घेऊन. त्याच्या बढतीचा कागद त्याच पथकातल्या एका साहेबाच्या टेबलावर पडलेला. तर एक ‘नाही’ हवाच होता. आणि बाकीच्या अकरा जणांनी निदान नाटक तरी केलं होतं! आत्ताच तो त्या अकरा घरांतून फिरून आला. प्रत्येक ठिकाणी घाईघाईने मांडलेली तीन दगडांची चूल, आणि दगड कसे, तर पांढरेफटक, विस्तवाचा एक डाग नाही. भिंतीला देवाचं कॅलेंडर, एका खिळ्यावर. कोपऱ्यात घडी घातलेली गोधडी. एका घरात तर गेल्या महिन्यातली तीच गोधडी, त्याच घडीत. “ऱ्हातो की सायेब, हितंच ऱ्हातो,” अकरा तोंडं म्हणाली, आणि त्याने अकरा वेळा मान डोलवली. खोटारडे लेकाचे! पण शहाणे. खोटं बोलायचे तेवढे कष्ट तरी घेतात. ही ठमाबाई मात्र कष्टाचीही नाही.

ठाकरं. त्याला खरं म्हणजे या लोकांचं काहीच कळत नसे आणि कळून घ्यावंसंही वाटत नसे. आंबेगाव तालुक्यात धरण झालं, पाणी चढलं, बाकीचे सातबारा घेऊन खाली आले, जमिनी घेतल्या, ऊस लावला. यांच्याकडे सातबारा नव्हता. पिढ्यान् पिढ्या राहिले, पण कागद नाही. का नाही? आमच्याकडे तरी काय होतं? आम्ही शिकलो. माझ्या आज्याने छप्पन साली धर्म बदलला, बापाने शाळेत शिपायाची नोकरी धरली, मी डिप्लोमा केला... कुणी हात दिला नाही, उलट होता तो हात झटकला; तरी केलं. आणि हे? हे आपले डोंगर चढले. रानात खोपटं घातली, वनखात्याच्या गार्डाने मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. शेवटी कुठल्याशा यादीत ‘बेघर आदिवासी’ म्हणून नाव लागलं तेव्हा ही गावठाणाची पट्टी मिळाली, आणि पट्टीवर इंजिनिअर मिळाला. आणि इंजिनिअरच्या दाराला शेळी बांधली.

आणि त्या पुण्याच्या बाई! त्यांची आठवण झाली की नवनाथचा वरचा ओठ आपोआप वाकडा व्हायचा. वास्तुरचनाकार. खादीची साडी, गळ्यात मातीचे मणी, पायांत कोल्हापुरी. त्यांनी ‘आदिवासींसाठी पर्यावरणपूरक घर’ काढून आणलं होतं : मातीच्या विटा, बांबूचे वासे, धूर जायला वर झरोका, समोर ओटा. तीन तास इथे येऊन बसल्या. नाचणीची आंबील प्यायल्या. “किती शुद्ध आहे हो सगळं!” असं म्हणाल्या आणि दुपारच्या जेवणाला खाली हॉटेलात गेल्या. माती पाहिजे म्हणे. अहो बाई, माती त्यांच्याकडे आहेच. ती द्यायला सरकार कशाला पाहिजे? तुम्ही राहा मातीत, मी तुमच्या कोथरूडच्या ब्लॉकला शेण सारवून देतो! त्यांच्या नकाशातलं त्याने काय ठेवलं, तर मापं. बाकी विटा पक्क्या, वर पत्रा, धुराचा झरोका बंद, कारण अंदाजपत्रकात झरोक्याला ओळच नव्हती.

आणि दार.

बाईंनी दार पूर्वेला काढलं होतं, डोंगराकडे. सकाळचं कोवळं ऊन ओट्यावर येईल म्हणून. म्हणजे रस्त्याकडे पाठ. बारा घरं, बाराच्या बारा रस्त्याकडे पाठ करून... कचेरीत, दुपारी, तो नकाशा टेबलावर पसरला होता आणि नवनाथ कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसला होता. मग त्याने ट्रेसिंग पेपर उचलला, आणि उलटा केला. एवढंच. पूर्वेचं दार पश्चिमेला आलं, रस्त्यावर. सगळी मापं तीच, फक्त घर वळलं. खाली सही केली. त्या दिवशी त्याला कधी नाही ते आपल्या नोकरीबद्दल बरं वाटलं होतं.

कारण आण्याच्या पठारावर नवनाथच्या लोकांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला होती, आणि घरांची दारं ओढ्याकडे. रस्त्याकडे पाठ. येणाऱ्या-जाणाऱ्याला यांची तोंडं दिसू नयेत म्हणून कुणीतरी कधीतरी ठरवलेलं, आणि मग कुणी न ठरवताही चालत आलेलं. त्याच्या बापाने, तुळशीदासने, शाळेच्या नोकरीत पैपै साठवून एक खोली बांधली ती रस्त्यावर. दार रस्त्याकडे. गवंड्याने विचारलं, “इकडून कशाला? ऊन लागंल संध्याकाळचं.” “लागू दे,” बाप म्हणाला. रोज संध्याकाळी तो त्या दारात खुर्ची टाकून, उन्हात डोळे बारीक करून बसायचा. जाणारा कुणी ‘काय तुळशीदास’ म्हणायचा, कुणी मान फिरवायचा. पण मान फिरवायची तरी तसदी घ्यावी लागायची ना! एका वर्षाने बाप गेला. दारातच गेला, खुर्चीत.

ते या ठाकरांना मी दिलं. न मागता दिलं. सांगा, माझं काय चुकलं? गाडीतून जाणाऱ्याने बघावं की इथे माणसं राहतात, त्यांना दार आहे, दाराला कडी आहे. आई म्हणाली होती, “बरं केलंस बाबा.” एका आयुष्यात माणूस किती वेळा मनापासून देतो? आणि यांनी त्या दाराला शेळी बांधली. बांधा. बांधा लेकहो. तुमची लायकीच ती.

“पाणी घ्या सायेब.”

ठमाबाई मागच्या खोपटाकडून आली होती. हातात जर्मनचा तांब्या, कोपरापर्यंत वरईचं भूस. साठीची असेल, किंवा पन्नाशीची. यांचं वय कळत नाही. त्याने तांब्या घेतला नाही.

“ही काय शेळी बांधायची जागा आहे का गं?”

“उनाचं बरं पडतं तिला.” तिने तांब्या खाली ठेवला. “पावसुळ्यात तीबी न्हाई ऱ्हात.”

“पथक येणार आहे माहितेय ना? सगळ्यांनी चुली मांडल्या. तुला काय झालं?”

“न्हाई ऱ्हात तं न्हाई ऱ्हात. खोटं कशाला दावू?”

“मग घर रद्द होईल. नंबर जाईल. एकदा दिलेलं घर वापरलं नाही की नाव यादीतून बाद, कायमचं. पुन्हा मिळत नाही.”

तिने शेळीचं दावं सारखं केलं. मग म्हणाली, “नंबर गेला का जागाबी जाती?”

“जाते.”

“मंग रानातच जावं लागंल. रानात गेलं का गार्ड येतो.” तिने हे जमिनीकडे बघत, मनाशी हिशोब जुळवत असल्यासारखं म्हटलं. “सायेब, ह्यांना उचलून किती डाव हालवू मी? दोन डाव हालिवलं. आता माझं खांदं न्हाई ऐकत.”

‘ह्यांना’ म्हणजे धर्माजी, तिचा नवरा. तीन वर्षांपूर्वी हिरड्याच्या झाडावरून पडला. तेव्हापासून कमरेखाली त्याचं शरीर त्याचं राहिलेलं नाही. नवनाथला ते माहीत होतं. फॉर्मात ‘कुटुंबातील अपंग व्यक्ती : एक’ असं त्यानेच लिहिलं होतं. पण मग राहायचं ना घरात! पक्कं घर, फरशी, कोरडी जागा. लुळ्या माणसाला घेऊन कुडात राहायचं, शेळीला फरशीवर ठेवायचं, आणि वर रडगाणं... याला मानसिकता नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

“का नाही राहत? हे एवढं सांग मला. काय कमी आहे या घरात?”

ठमाबाईने त्याच्याकडे बघितलं. खरंच विचारतोय का, हे ताडत असल्यासारखं. मग शेळीला बाजूला सारून ती आत गेली, आणि तिच्या मागोमाग तो.

आत दाराच्या समोरच्या भिंतीवर एक रेघ होती. छातीएवढ्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेघेच्या वर पिवळा रंग, आणि खाली काळपट-हिरवं, पोपडे सुटलेलं, बोट लावलं की भुगा पडेल असं. वरून गळलेलं पाणी असं दिसत नाही. पत्र्याला डाग नव्हता. हे दारातून आलेलं पाणी होतं. येत राहिलेलं, महिनोन् महिने. नवनाथने बोट लावलं नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? रेघ कशी वाचायची ते त्याला शिकवलेलं होतं.

“घाटाखालून येतो,” ती म्हणाली. “कोकनातनं. आडवा येतो, सरळ न्हाई पडत. चार म्हयने या दारातच हुबा ऱ्हातो. पयल्या साली ह्यांना हितंच निजिवलं व्हतं. दार लावलं तं फळ्या फुगल्या, मंग लागंचना. चार राती हे पान्यात. मला उचलायला येईना, गडी सारं खाली मजुरीला गेल्यालं. पाचव्या रोजी दोगींनी धरून न्हेलं मागं.”

“तेव्हा का नाही सांगितलं? बांधताना?”

“कुनाला? तुमी फितीनं मोजीत व्हता. धर्माजी म्हनला व्हता त्या गवंड्याला, का राव, दार हिकडं? त्यो म्हनला, सायबाला रस्ता आवाडतो.” ती थोडीशी हसली, कुणाला दुखवायला नाही. “आमी घर घालायच्या आदल्या पावसाला तिथं शेळ्या बांदितो. मोकळ्याव. त्या ज्या अंगाला पाठ करून हुब्या ऱ्हात्यात ती भित. दार दुसऱ्या अंगाला. शेळीला कळतं ना ते.”

शेळीला कळतं. तीन वर्षांचा डिप्लोमा, दहा वर्षांची नोकरी, त्या बाईंचे मातीचे मणी... बाईंना तर नुसतं कोवळं ऊन हवं होतं, त्यांनाही पाऊस माहीत नव्हता. चुकून बरोबर काढलं त्यांनी. आणि तो? आण्याच्या पठारावर पाऊस म्हणजे टँकरची वाट बघता बघता कधीतरी उडून गेलेले चार थेंब. तिथे दार कुठेही ठेवा, आत येतं ते ऊन आणि धूळ. पाऊस एका बाजूने येतो, येऊन दारात उभा राहतो, हे त्याच्या लहानपणातच नव्हतं. त्याने घर उलटं केलं होतं, कागदावर, पंख्याखाली बसून, बापाच्या आठवणीने डोळे भरून. आणि एक लुळा माणूस चार रात्री पाण्यात पडून होता.

‘चूक’ हा शब्द त्याच्या मनात आला आणि त्याने तो लगेच झटकला. चूक कसली? दाराला पुढे पडवी काढायची, ताडपत्री लावायची. माणसाने हातपाय हलवायला नकोत का? सगळं इंजिनिअरनेच करायचं? ...पण झटकलेलं पुन्हा येऊन बसत होतं, गोमाशीसारखं.

मागच्या खोपटाचं दार बुटकं होतं, पूर्वेला. त्याला वाकावं लागलं. आत अंधार, धूर, वर वाशांना टांगलेली बियाण्याची कणसं काळी झालेली. भुई सारवलेली, कोरडी. इतकी कोरडी की बूट काढावेत की काय असं त्याला क्षणभर वाटलं. काढले नाहीत. कोपऱ्यात धर्माजी पडून होता. त्याने हात जोडले. नवनाथने मान हलवली आणि बसायला काही शोधलं. नव्हतं, म्हणून भुईवरच बसला.

आता उरकून टाकायचं. शाईचा पॅड काढला, फॉर्म काढला, मांडीवर पाटी ठेवून त्यावर कागद लावला. मनातल्या मनात तो तीन दारं ठोठावून आला. ‘होय’ करावं? मग पथक येणार, शेळी बघणार, आणि खोटा अहवाल दिला म्हणून त्यालाच धरणार. ‘नाही’ राहू द्यावं आणि कारण बदलावं : दाराची दिशा चुकीची, आराखडा सदोष? आराखड्याखाली सही कुणाची? एका घरासाठी मग बाराही घरं उकरली जातील. आणि आहे तेच राहू दिलं तर... तर काहीच होणार नाही. कुणालाच काही होणार नाही. फक्त ही बाई या माणसाला पाठीवर घेऊन पुन्हा डोंगर चढेल. चढतातच हे. सवय असते यांना.

“अंगठा,” तो म्हणाला.

तिने हात पुढे केला. त्याने तिचा अंगठा पॅडवर दाबला, फिरवला. अंगठा निळा झाला. तो कागदावर आणायला लागला, तर हात येईना. ओढून बघितलं. तिने हात ताठ धरला होता.

“आदी वाचा.”

“काय वाचायचंय त्यात? सरकारी आहे. तुला नाही कळायचं.”

“न कळंना का. कानाव तं पडंल.” तिचा आवाज चढलेला नव्हता. “धरनाच्या वक्ताला ह्यांनी आंगठा दिला. सायेब म्हनला, पान्याची मोजनी हाय. मागनं शाळंतल्या गुरुजींनी वाचून दावलं, तं त्यात काय लिवल्यालं? हितं आमचं घर न्हाई म्हून. सासू-सासरं तिथंच गेलं, चार पोरं तिथंच झाली, आन् आमच्याच आंगठ्यानं आमचं घर न्हाई. तवापास्नं वाचल्याबिगर आंगठा देत न्हाई मी. कुनालाच.”

कोपऱ्यातून धर्माजी म्हणाला, “वाचा सायेब. आमाला काय, घाई न्हाई.”

नवनाथने वाचायला सुरुवात केली. वाचायचं तर वाचायचं, त्यात काय. “लाभार्थ्याचे नाव — ठमाबाई धर्माजी मेंगाळ. गाव. तालुका जुन्नर. जमात — ठाकर. कुटुंबातील व्यक्ती — दोन. अपंग — एक.” इथपर्यंत आवाज व्यवस्थित होता, कचेरीतला. “लाभार्थी घरात राहतो काय —”

इथे तो थांबला.

‘होय’ म्हणून मोकळं व्हावं. तिला वाचता थोडंच येतंय. एका शब्दाचा प्रश्न... आणि ते मनात येताच त्याला तो दुसरा साहेब दिसला, धरणावरचा, पाण्याची मोजणी आहे म्हणणारा. चेहरा नव्हता त्याला. त्यानेही फॉर्म सकाळीच भरून आणला असेल. त्यालाही वाटलं असेल, यांना काय कळतंय. आयुष्यभर नवनाथने त्या जातीच्या साहेबांचा तिरस्कार केला होता, कचेरीत, एस.टी.त, बापाच्या दारावरून मान फिरवून जाणाऱ्यांत त्याने त्यांना बरोबर ओळखलं होतं. इतक्या जवळून मात्र कधी बघितलं नव्हतं.

त्याने तो रोजचा राग शोधला. खोटारडे, आळशी, गुळाची चव, शेळी... शब्द सगळे आले, हाक मारल्यावर यावेत तसे मुकाट आले, आणि समोर उभे राहिले. पण त्यांत धग नव्हती. त्यांच्या आधारावर एक शब्दही तोंडातून काढता येईना. आणि तो राग गेला तिथे जे उघडं पडलं होतं ती भीती होती. चौकशीची नव्हे, बढतीचीही नव्हे. समोर उकिडव्या बसलेल्या, कोपरापर्यंत भूस लागलेल्या या म्हातारीची. खरीखुरी.

“थांबला का?” ठमाबाई म्हणाली. “वाचा की.”

तिचा निळा अंगठा वर होता, कशाला लागू नये म्हणून बाकीच्या बोटांपासून लांब धरलेला. नवनाथने कागद उजेडाकडे, त्या बुटक्या दाराकडे धरला. पुढे काय लिहिलंय ते त्याला पाठ होतं, ‘नाही’ आणि माठातले ते दोन शब्द. तो ते मोठ्याने म्हणायला गेला, ओठ हलले, आणि त्याला कळलं की हे आपण कागदावर कितीही वेळा लिहू शकतो, पण आपल्याला ते वाचता येत नाही.